हत्तीची चेष्टा

साताऱ्याहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा लेक दुसरीत होती. हिंदी समजायचं, पण शाळेत ती तोंड उघडत नव्हती. एका शनिवारी तिला आणायला गेले, तर मातीकामाचा तास अजून चालूच होता.

शिकवणारे गृहस्थ साठीचे. मनगटापर्यंत वाळलेली माती, आणि ते हात सतत पाठीमागे बांधलेले. मुलांच्या कामाला ते बोटसुद्धा लावत नव्हते. नुसते इतके वाकायचे की नाक मातीला टेकेल.

लेकीच्या हत्तीची सोंड सारखी गळून पडत होती. ते शेजारी उकिडवे बसले. स्वतःच्या गोळ्यावर काडीने ओरखडे काढून, पाणी लावून त्यांनी सोंड बसवून दाखवली आणि लगेच मोडून टाकली. मग मला पाहून उठले.

"आपकी बिटिया बड़ी चेष्टा करती है."

मी ओशाळले. लेकीवरच डोळे वटारले, "सरांची चेष्टा करतेस?"

तिचा चेहरा पडला. ते गडबडले. "अरे, डाँटिए मत! चेष्टा मतलब कोशिश."

मी हसत सांगितलं, आमच्यात चेष्टा म्हणजे थट्टा. त्यांना भारी गंमत वाटली. गंभीर चेहरा करून ते लेकीपुढे वाकले. "बिटिया, ये हाथी तुम्हारी चेष्टा कर रहा है क्या?"

तिने सोंड घट्ट दाबली. "नहीं. मैं हाथी की कर रही हूँ."

शाळेतलं तिचं हे पहिलं वाक्य. त्यातली चेष्टा मराठी की हिंदी, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.