धुक्यात वाढवलेला उजेड

परवा सकाळी शेंद्र्याच्या रस्त्यावर धुक्यात आमची गाडी सापडली. नातीने समोरचे दिवे 'फुल' केले, आणि रस्ता होता तेवढाही दिसेनासा झाला… हे कोडे तुम्हीही अनुभवले असेल. उजेड वाढवला की दिसायला हवे, मग समोर पांढरी भिंत का उभी राहते?

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले, आज नव्वदी ओलांडली आहे. तरी या कोड्याचा पहिला धडा मला वर्गात मिळाला नाही. तो मिळाला वसंतदादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, लग्नाच्या दिवशी. तेव्हा निजामाचे राज्य होते आणि मी चौदा-पंधरा वर्षांची होते.

मुलगी कन्नड गावची. मुहूर्त सकाळचा, म्हणून गुलमंडीवरच्या आमच्या घरून आम्ही झुंजूमुंजू होताच निघालो. पुढे मोटारीत बाबा, दादा, आत्या आणि मी. मागून लॉरीत आई आणि सगळे वऱ्हाड. मार्गशीर्ष असूनही रात्रभर अवकाळी पाऊस लागला होता.

दौलताबादचा घाट चढू लागलो आणि धुके उतरले. वर बारीक पाऊस चालूच… करीममियाँ मोटार चालवत होते, ते काचेला नाक लावून बसले. "साब, कुछ नै दिखरा," ते म्हणाले.

बाबांचे कापडाचे दुकान होते. गिऱ्हाइकाला रंग नीट दिसेना की ते दिवा मोठा करत. त्यांनी इथेही तोच उपाय केला. वरातीसाठी बरोबर घेतलेल्या गॅसबत्त्या बाहेर निघाल्या. दोन आमच्या मोटारीच्या मडगार्डांवर बांधल्या, दोन लॉरीच्या तोंडाशी. लखलखाट झाला! आत्या खूश होऊन म्हणाली, "बघा, घाटातच वरात निघाली की!"

वरात निघाली खरी, पण रस्ता हरवला. समोर दुधासारखे पांढरे, बाकी काही नाही. बाबा दर वळणाला खिशातले घड्याळ बाहेर काढत आणि करीममियाँ अधिकाधिक हळू चालवत… मला मात्र एकच चिंता लागली होती, ती मागच्या लॉरीची. तिची घरघर ऐकू येत होती, पण ती किती जवळ आहे हे कळत नव्हते.

एका खड्ड्यात मोटार आदळली. उजव्या गॅसची जाळी फुटली, तो फुरफुरला आणि विझला. बाबा चरफडले. आणि करीममियाँ मोटार थांबवून एकदम ओरडले, "ठैरो! सीधे हाथ की तरफ रस्ता दिखरा!"

खरेच! जिथला गॅस विझला होता, तिथे रस्त्याकडेचा दगडी कठडा दिसत होता. जिथला जळत होता, तिथे भिंत तशीच. एकाच मोटारीच्या दोन बाजू, एकच धुके, फरक फक्त एका दिव्याचा… यापेक्षा स्वच्छ प्रयोग मी पुढे प्रयोगशाळेतही क्वचित पाहिला.

पण तेवढ्यात दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे लॉरीवाल्यालाही काही दिसत नसणार. आणि आपण इथं थांबलोय!" आमच्या मागचा दिवा चिखलाने केव्हाच माखला होता. घाट अरुंद, मोटार बाजूला घ्यायला जागा नव्हती. लॉरीची घरघर वाढत होती.

दादा दार उघडून उतरू लागला, तशी आत्याने त्याचे उपरणे धरले. हळद लागलेल्या नवरदेवाने असे एकट्याने बाहेर पडायचे नाही, ही आमच्याकडची रीत. "वसंता, खाली पाय ठेवशील तर बघ! हळद लागलीय तुला!"

"आत्या, हळद लागली ती लागली, लॉरी नको लागायला!"

उपरणे आत्याच्या हातात राहिले. दादाने डाव्या मडगार्डावरचा जळता गॅस सोडला, मोटारीच्या मागे बराच धावत गेला आणि तो उंच धरून हलवू लागला. मुंडावळ्या पावसाने गालांना चिकटलेल्या…

धुक्यात दोन पांढरे गोळे वाढत आले. मग ब्रेकची किंचाळी. लॉरी दादापासून चार-पाच हातांवर थांबली. वरून आईचा आवाज आला, "कोण रे तो? वसंता? अरे, हळद लागलीय ना तुला!"

मग लॉरीच्या तोंडाशी बांधलेले गॅस काढले आणि मोटारीचे दिवे खाली झुकवले. एक जळता गॅस मात्र मोटारीच्या पाठीला आणि एक लॉरीच्या पाठीला बांधला. हळूहळू कन्नड गाठले. मुहूर्त टळला होता. गुरुजींनी दुसरा काढून दिला.

कारण अगदी सोपे आहे. धुके म्हणजे पाण्याचे असंख्य बारीक थेंब, आणि प्रत्येक थेंब उजेड परत फेकतो. आपल्याला रस्ता दिसायचा तर आपल्या दिव्याच्या उजेडाला रस्त्यापर्यंत जाऊन परत यावे लागते; त्याआधीच थेंबांनी फेकलेला उजेड डोळे भरून टाकतो. दुसऱ्याला आपण दिसायचे असेल तर मात्र उजेडाने नुसते जाणे पुरते, परत यावे लागत नाही. म्हणून पावसात, धुक्यात, दिवसासुद्धा, पुढचे दिवे लावा पण खाली झुकलेले, म्हणजे डोळ्यांसमोरचे थेंब उजळत नाहीत. आणि मागचा दिवा पुसून ठेवा. तो तुमच्यासाठी नसतो, मागून येणाऱ्यासाठी असतो. आमच्या मागून आई येत होती…

पटत नसेल तर आजच करून पाहा. न्हाणीघरात गरम पाणी सोडून भरपूर वाफ होऊ द्या आणि आतला दिवा मालवा. टॉर्च कपाळाशी धरून समोरची भिंत पाहा, मग तोच टॉर्च गुडघ्याशी नेऊन जमिनीकडे झुकवा आणि फरशी पाहा. शेवटी टॉर्च घरातल्या कोणाच्या तरी हाती द्या, त्याला वाफेच्या पलीकडे उभे करा, आणि तो माणूस कुठे आहे ते तुम्हाला किती लगेच कळते, ते बघा.