खंडेनवमीचं पांढरं हरीण

माझा आतेभाऊ शेगावला राहतो, मी चिखलीला. दोघेही तिशीला टेकलेले, दोघेही घरच्या धंद्यात. त्यांचा लॉज, आमचं धान्याचं अडत दुकान. आणि दोघांनाही एकच खूळ: हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावर चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, जमवायचे. आमच्या ओळखीत तिसरा कोणी हे खेळत नाही. त्यामुळे जळायचं म्हटलं तरी मला दुसरं माणूस नाही.

बहुतेक प्राणी खेळातल्या गवतात, पाण्यात, डोंगरावर हिंडून सापडतात. त्यात मी त्याला ऐकत नाही. पण काही प्राणी खेळात कुठेच नसतात. कंपनी ते मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये फुकट वाटते. एक कार्ड देतात, त्यावर कोड असतो, तो यंत्रात टाकला की प्राणी तुमचा. मुदत टळली की पुन्हा म्हणून मिळत नाही. आतेभावाचे काका पुण्याला असतात. ते तिथे रांगेत उभे राहतात आणि ह्याच्याकडे शेगावात बसल्या बसल्या आग ओकणारं कासव येतं, चांदीची घार येते. आयत्या बिळावर नागोबा! ते कासव त्याने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी "मस्त आहे" म्हणालो आणि परतीच्या एसटीत चिखली येईपर्यंत नुसता धुमसत होतो.

मग ती खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे ज्याचं त्याचं हत्यार पूजेला मांडतात. दुकानाचा काटा, आईची विळी, वहिनीचं शिलाई मशीन, दादाचा लॅपटॉप. माझं काहीच नव्हतं. दुकानात मी बसतो, पण काटा बाबांचा. वहिनीने लॅपटॉपला झेंडूची माळ घातली आणि दादा असा काही ऐटीत उभा राहिला की मला राहवेना. मी आत जाऊन माझं यंत्र आणलं आणि पाटावर ठेवलं.

"हे काय हत्यार होय?" बाबा म्हणाले.

"दादाचा लॅपटॉप चालते, मंग माह्यं काऊन नाही?"

चांगली जुंपली आमची. शेवटी आईने कंटाळून त्यावर हळदकुंकू वाहिलं, वर एक फूलही ठेवलं. मी दादाकडे बघून घेतलं.

आरतीचं तबक खाली ठेवतोय तोच आतेभावाचा फोन.

"बे, पांढरं हरीण आलं! काका सणाले आले ना, दोन कार्डं आणले त्यायनं. एक तुह्यं. कोड पाठवतो, टाकून दे लवकर. उद्या दुपारी मुदत संपून राह्यली."

पांढरं हरीण! त्याचं चित्र मी कितीदा मोबाइलवर बघितलं होतं. मी पाटाकडे हात नेला आणि आई ओरडली, "हात नोको लावू!"

आमच्या घरचा नियमच आहे. पूजेतली वस्तू दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं की मगच उचलायची. मी गयावया केली. बाबांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "मी काटा उचलला का? तूच म्हने ना हत्यार हाय. मंग हत्याराचा नियम पाळ."

दादा हसला. मी आतेभावाला फोन करून सगळं सांगितलं. तोही आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "टेन्शन नोको घेऊ. माह्या यंत्रावर दुसरं खातं खोलतो, तुहा कोड त्याच्यात टाकतो. मंग हरीण तुले देऊन देतो."

असं देता येतं. पण ह्या खेळात प्रत्येक प्राण्यावर त्याच्या पहिल्या मालकाचं नाव राहतं. पुढे तो कोणालाही द्या, ते नाव पुसलं जात नाही. म्हणजे हरीण माझ्या कळपात चरणार आणि कपाळावर ह्याचं नाव! जन्मभर त्याने दिलेलं म्हणून मिरवण्यापेक्षा नसलेलं बरं.

"नोको," मी म्हणालो.

"काऊन बे?"

"मले आता तेवढा नाद नाही राह्यला."

दसऱ्याची दुपार मी पाटासमोर बसून काढली. मुदत टळली. आई जेवायला बोलावत होती आणि मला पुरणपोळीचा वास नकोसा झाला होता.

दसऱ्यानंतर आतेभाऊ आमच्याकडे सोनं द्यायला आला. आईबाबांच्या पाया पडला, माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि बॅगेतून यंत्र काढलं. "काढ तुह्यं." मी नाही नाही म्हणत काढलं. त्याने हरीण पाठवलं. पडद्यावर ते पांढरंशुभ्र उभं राहिलं, पण मी धड बघितलंही नाही. आधी पहिल्या मालकाचं नाव उघडलं.

तिथे माझं नाव होतं.

"खातं खोलताना नाव विचारते ना," तो म्हणाला. "तुह्यं टाकलं."

नुसतं खातं उघडून भागत नाही, हे मला माहीत होतं. खेळाचा सुरुवातीचा भाग पार केल्याशिवाय कोड टाकायची सोयच मिळत नाही. दसऱ्याच्या गर्दीत, लॉजच्या काउंटरवर, एका हाताने खोल्यांच्या चाव्या देत त्याने तो सगळा भाग माझ्या नावाने पुन्हा खेळला होता.

"तू काऊन नोको म्हनून राह्यला, मले समजलं होतं बे," तो म्हणाला आणि आईने आणलेला चिवडा खाऊ लागला.

त्याच्या जागी मी असतो तर मला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी मी केलं नसतं. तोवर मी त्याच्या कासवावर, घारीवर, पुण्याच्या काकांवर जळत होतो. त्यात एक सोय होती, की नशीब त्याचं बरं, माणूस काही माझ्याहून मोठा नाही, असं म्हणता यायचं. आता ते हरीण उघडलं की वर माझंच नाव दिसतं, आणि मला त्याचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटतो.