पालमच्या मुलीची मार्कशीट

पोलीस खात्यातल्या नोकरीच्या बऱ्याच घटना आता धूसर झाल्या आहेत. पालमच्या त्या मुलीचे प्रकरण मात्र लख्ख आठवते.

एका सकाळी हजेरी चालू असताना आमच्या खबऱ्याचा फोन आला. स्टँडजवळचा झेरॉक्सवाला मार्कशीटवरच्या ग्रेड बदलून देतो, असे त्याचे म्हणणे. त्याच दुपारी एका कॉलेजचा तक्रार अर्ज आला. बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहत होती. त्यासाठी पहिल्या वर्षी गणितात किमान बी प्लस हवा होता, आणि तिच्या मार्कशीटवर नेमकी तीच ग्रेड पेनाने गिरवलेली होती. धागे जुळले, असे मला वाटले.

झेरॉक्सवाल्याने लगेच कबूल केले. एक म्हातारा आला, अक्षर पुसले म्हणाला, सांगितले ते याने लिहून दिले.

मुलीला महिला पोलीस शिपायासमोर बसवून विचारले. तिच्या आईचे डायलिसिस त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या शहरात सुरू होते आणि आईजवळ राहायला हीच होती. बदली झाली नाही तर शिक्षण सुटणार होते. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत तो जन्मभर आडवा येणार होता. तरी ती एकच वाक्य धरून बसली.

"मीच केलंय साहेब. बाबांना काही माहीत न्हाई."

बाबांचे नाव मी काढलेच नव्हते. न विचारता कोणी कुणाला निर्दोष ठरवू लागले, की त्याच माणसाकडे बघावे लागते.

मी मार्कशीट खिडकीपाशी नेली. ग्रेडच्या जागी कागदाचा पापुद्रा निघाला होता, आणि भोवती फिकट पिवळी झाक होती. तसा डाग माझ्याही मार्कशीटवर आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आईने ती देवापुढे ठेवून कोपऱ्याला हळदीकुंकवाचे बोट लावले होते.

"आई दवाखान्यात असते, मग घरी देवपूजा कोण करतं?" मी विचारले. मुलगी रडू लागली.

वडिलांना बोलावले. ते दारातच हात जोडून उभे राहिले.

"हिची आई घरी असती तर तिनं कोपऱ्याला हळदकुंकू लावलं असतं. मला काय कळतंय? मधोमध लावलं. मग ओल्या फडक्यानं पुसाया गेलो, तर अक्षरच गेलं. पोरगी बी प्लस म्हनली होती, तेच लिहून घेतलं."

त्यांचे म्हणणे खरे असेल तर विद्यापीठाच्या नोंदीत तेच असणार होते. परीक्षा विभागाला विचारणा पाठवली. उत्तर येईपर्यंत बापलेक बाकावर बसून होते. मी चहा मागवला, पण कपाला कोणी हात लावला नाही.

उत्तर आले. गणित, बी प्लस.

ते वाचून मलाच सुटल्यासारखे वाटले. चौकशी अहवालात फसवणुकीचा हेतू आढळला नाही असे लिहिले, झेरॉक्सवाल्याला कडक समज दिली आणि दुय्यम प्रतीसाठी कॉलेजला पत्र दिले. मुलीची बदली झाली.

तेव्हापासून संशयित कागद हाती आला, की त्यावर काय लिहिलंय याआधी तो घरात कुठे ठेवला होता, हे मी विचारत असे.

नवी मार्कशीट दाखवायला वडील ठाण्यात आले होते. जाताना हळूच म्हणाले, "साहेब, हिला कुंकू लावू का नको?"

"लावा की," मी म्हणालो. "पण झेरॉक्सला."