खाटेजवळचा बोर्ड

वासुदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात ऑफिसमध्ये माझ्या टेबलाशी बसलो होतो. फोन संतोषचा होता, दादाच्या थोरल्या मुलाचा. "काका, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मला वाटलं, मेडशीला घरीच काही झालं असेल. कसं, केव्हा, असं काहीतरी विचारलं, तर म्हणाला, "इथंच, अकोल्यात. दवाखान्यात आहोत आमी." त्यानं दवाखान्याचं नाव सांगितलं. त्या दवाखान्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी माझ्या खिडकीतून दिसते. आठवडाभर दादा त्या टाकीखाली एका खाटेवर पडून होता, आणि मी इथे संगणकाच्या कोपऱ्यात उगवणाऱ्या मेलच्या चौकटी वाचत बसलो होतो.

मी चालतच गेलो. संतोष पायऱ्यांवर दोन पिशव्या घेऊन उभा होता. शहरात इतकी वर्षं काढली, पण अशा वेळी तोंडात गावचीच बोली येते. "काहून नाही सांगितलं रे मले?" मी विचारलं. त्यानं खाली पाहिलं. "बाबाच नाही म्हणे. त्याले सांगू नका म्हणे. त्याले किती मेल येतात, दम घ्याले फुरसत नाही. बरा झालो का मीच जातो म्हणे त्याच्या घरी, ऐतवारी." पुढे तो काय बोलला ते मला आठवत नाही. 'मेल' हा शब्द मात्र कानात तसाच राहिला. दादाच्या तोंडी तो मीच घातला होता.

वासुदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी तीन वर्षांचा असताना माझे वडील गेले. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, एक फोटो आहे आणि तोही लग्नातला, मुंडावळ्यांआड. आई त्यांच्याबद्दल कधी बोलली नाही, आणि आता तीही नाही. वडिलांबद्दल जे काही मला माहीत आहे ते दादाकडून. ते उसात... नाही, आमच्याकडे ऊस नव्हताच, तुरीच्या ओळीत उभे राहून बिडी ओढायचे, कुणी मोठं माणूस दिसलं की मुठीत लपवायचे, असलं काहीबाही. दादानं मला सायकल शिकवली. मी कॉलेजला अकोल्याला जायला लागलो तेव्हा तो शेतातून तसाच एसटीच्या थांब्यावर यायचा, गाडी उभी राहायच्या आत खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून सीटवर टाकायचा आणि दारात उभा राहून ओरडायचा, "थो दुपट्टा आमचा हाय, बसू नका तिथं." मग मी चढून बसलो की खिडकीतून दुपट्टा परत मागायचा.

त्याची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. शेतात कुणी लांबच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाळी दिली की दादा हातातलं काम थांबवून हाताचा पंजा वर करायचा. पंजा वर गेला की आम्ही सगळ्यांनी गप्प व्हायचं, म्हणजे हाळी कुणाची ते ऐकू येईल. मग तो "ओ" द्यायचा. जेवणाचा घास तोंडाशी असला तरी. एकदा मी वैतागून म्हटलं, जेवून तरी घे. तर म्हणाला, "हाका मारनारा तिथं उभा हाय. त्याले काय मालूम, आपण जेवून राह्यलो."

नोकरीत मी जरा वर चढलो, हातात मोठा फोन आला, आणि त्या फोनवर ऑफिसचे मेल, माझे मेल, असं सगळं येऊ लागलं. प्रत्येक मेलला टिंग असा आवाज. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी मेडशीला जायचो. अंगणात लिंबाखाली खाट टाकलेली असायची, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दादा. फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा दादा बोलता बोलता थांबला. पंजा वर केला. "पाय बावा, कोन बोलावून राह्यलं तुले." मी पाहिलं. कुठल्याशा दुकानाची शर्टांवर सवलत होती. "ऑफिसचं आहे," मी म्हणालो.

का म्हणालो, याचा मी गेले अडीच महिने विचार करतो आहे. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. शर्टांची जाहिरात आली म्हणून दादा बोलायचा थांबला, हे सांगायला लाज वाटली, इतकंच असेल. पण तेवढंच नव्हतं. बिनबापाचं पोर म्हणून ज्या अंगणात मी वाढलो, तिथे बसलेला असताना बाहेरून कुणीतरी सारखं मला बोलावतं आहे, हे मला आवडत होतं. दादाच्या डोळ्यांत ते दिसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "आमच्या प्रकाशले पाच मिनटं कोनी सुदं बसू देत नाही." मी मान खाली घालून हसायचो. नाही कधी म्हणालो नाही.

या टिंगमध्ये एक गोष्ट अडकून राहिली. दादा ती फार मन लावून सांगायचा. मी दीड महिन्याचा असताना आई मला घेऊन माहेराहून आगगाडीनं येणार होती, आणि तिला आणायला माझे वडील आणि बारा वर्षांचा दादा बैलगाडी घेऊन जऊळक्याच्या स्टेशनवर गेले होते. गोष्ट बैल जुंपण्यापासून सुरू व्हायची. कोणता बैल कुठल्या बाजूला, गाडीत कडब्यावर कोणती वाकळ अंथरली, वाटेत वडील एक शब्द कसे बोलले नाहीत. मध्येच थांबली तर दादा ती मधून उचलायचा नाही. "राहू दे, पुढच्या खेपेले," म्हणायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा बैल जुंपायचा. कधी गोष्ट नाल्यापर्यंत पोहोचायची, कधी स्टेशनच्या नळापर्यंत. एकदाच ती फलाटावर गेली. "गाडी आली. तुही माय उतरली. तिनं तुले काकाच्या, तुह्या बापाच्या, हातात देलं. तं काकानं आंधी पायातल्या वहाना काढल्या. तिथंच, फलाटावर. मी म्हटलं, काका, वहाना काहून काढल्या? तं काका म्हने..."

टिंग झालं. पंजा वर गेला.

मी पाहिलं. त्या एका मेलबरोबर आणखी दोन उघडले. तोवर वैनी चहा घेऊन आल्या, शेजारचे नामदेवबुवा येऊन टेकले, सोयाबीनवरच्या अळीचं बोलणं निघालं. जाताना मी विचारलं, "दादा, मग काय म्हणाले बाबा?" तो म्हणाला, "घाईत सांगाची गोष्ट नाही थे. ये पुढच्या टायमाले." मीही म्हटलं, येतो. दादा कुठे जाणार होता...

फोनची बॅटरी संपत आली की मी उठून आतल्या खोलीत जायचो आणि फोन चार्जिंगला लावून बटणाजवळ भिंतीला टेकून तिथेच बसून राहायचो. असं दोन-तीनदा झालं असेल. पुढच्या वेळी गेलो तर अंगणातल्या भिंतीवर, खाटेच्या उशाशी, नवा कोरा बोर्ड. खिडकीतून आतली वायर बाहेर काढलेली, वर पावसासाठी प्लास्टिकचं झाकण, आणि बटण दाबलं की पेटणारा लाल दिवा. दादाचा स्वतःचा बटणांचा फोन दाराशेजारच्या देवळीत पडलेला असायचा, चार-चार दिवस त्याला चार्जिंग लागत नसे. "आता उठाचं काम नाही तुले," तो म्हणाला. नामदेवबुवांनी चिमटा काढला, "वासुभाऊ, साहेबासाठी बोर्ड बसवला, आता पंखाबी लावा." दादा म्हणाला, "तू हो साहेब. तुह्यासाठी कूलर लावतो." मी येणार असलो की तो सकाळपासून ते बटण चालू करून ठेवायचा. फोन लावलेला नसला तरी लाल दिवा पेटलेला असायचा.

ऑफिसात आम्हाला एकदा याच विषयावर तास घेऊन समजावलं होतं. मेलचे आवाज बंद ठेवा, पडद्यावर उगवणाऱ्या चौकटी बंद करा, दिवसातून ठरावीक वेळीच मेल उघडा. मी दोन सहकाऱ्यांचे फोन घेऊन त्यांना ते करूनही दिलं होतं. माझ्या फोनवर मात्र आवाज तसाच ठेवला.

तेरवीच्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. मी सवयीनं खाटेवर बसलो, फोन सवयीनं उशाशी ठेवला, आणि तो वाजला. बोलणं चाललेलं होतं, ते एकदम थांबलं. नामदेवबुवांनी पंजा वर केला होता, अगदी दादा करायचा तसा. "पाय बावा, तुह्या कामाचं असन," ते म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. दादानं त्या सगळ्यांना माझ्यासाठी गप्प बसायला शिकवून ठेवलं होतं.

मी फोन उचलला आणि मेल मोठ्यानं वाचला. उशांच्या खोळींवर सवलत, आजचा शेवटचा दिवस. कुणीतरी हसलं आणि थांबलं. मी म्हटलं, "बुवा, हे असंच असतं. ऑफिसचे एखाद-दुसरे, बाकी सगळे हे. दादाला मी खोटं सांगत होतो." वैनी दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. भाजीत मीठ का नाही असं विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "मंग पाह्यत काहून होते, भाऊजी?"

मी फोन उलटा करून ठेवला.

माणसं गेल्यावर मी त्यांना जऊळक्याच्या गोष्टीचं विचारलं. वहाणा काढल्यावर माझे वडील काय म्हणाले, दादानं त्यांना कधी सांगितलं होतं का. वैनी जरा वेळ आठवत राहिल्या. "आमाले तं कधीच नाही सांगतली. मी एकदा पुसलं, तं म्हने, त्याच्या बापाची गोष्ट हाय, आंधी त्याले सांगतो." मग म्हणाल्या, "दवाखान्यात म्हने, बरा झालो का ऐतवारी जातो. घरी त्याचं ऑफिस नसते, तिथं सांगतो." एवढं बोलून त्या आत गेल्या.

अकोल्याला परतल्यावर मी एक दुपार त्यातच घालवली. फोनवरच्या एकेका अॅपमध्ये जाऊन सूचना बंद केल्या. दुकानांच्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरात 'हे मेल नकोत' असा दुवा असतो, तो शोधून दाबत गेलो. ऑफिसच्या संगणकावरची कोपऱ्यातली चौकट बंद केली. आता मेल सकाळी गेल्यावर एकदा आणि निघताना एकदा उघडतो. कुणाला तातडीचं काही असेल तर तो फोन करील, आणि फोनचा आवाज तेवढा चालू आहे. पहिले काही दिवस धास्ती होती की काहीतरी अडेल, कुणीतरी विचारायला येईल. कुणी आलं नाही. काही अडलं नाही. माझ्या उशिरा बघण्याचा फरक कुणालाच पडला नाही, आणि हे कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला दवाखान्याच्या गच्चीवरची टाकी दिसत राहिली. एवढ्या आवाजांत एकही हाक नव्हती. जो हाक मारू शकला असता तो माणूस, माझ्या कामात खोळंबा नको म्हणून, गप्प पडून होता.

मध्ये एकदा मी जऊळक्याला जाऊन आलो. फलाट आता उंच झाला आहे, फरशी नवी आहे. थोडा वेळ उभा राहिलो. एक पॅसेंजर आली आणि गेली. दोन-चार माणसं उतरली, आपापल्या वाटेनं गेली. चपला काढाव्यात असं मनात आलं, पण लोक बघत होते. परतीच्या वाटेवर त्याचीही रुखरुख लागली.

मेडशीला आता मी पूर्वीपेक्षा जास्त जातो. लिंबाखाली खाट तशीच असते. मी माझ्या टोकाला बसतो. फोन पिशवीत असतो, पिशवी आत खुंटीला. वैनींना मी येणार हे कळलं की त्या सकाळीच बोर्डाचं बटण दाबून ठेवतात. त्यांना सांगावं असं मनात येतं, की आता लागत नाही, पण बोलवत नाही. गेल्या खेपेला संतोषशी बोलत बसलो होतो. मी बैल जुंपण्यापासून सुरुवात केली, जेवढी मला ठाऊक आहे तेवढी, वहाणांपर्यंत. "मंग?" तो म्हणाला. "इथवरच ठाऊक आहे," मी सांगितलं. मग त्याचं लक्ष बोर्डाकडे गेलं. "काका, फोन लावला नाही तुमी. फुकटचा दिवा जळून राह्यला," असं म्हणत त्यानं बटणाकडे हात नेला.

"राहू दे," मी म्हटलं.