वरून तिसरं नाव

टर्पेंटाइनचा वास आला की मला सौसरच्या पोलीस ठाण्यातली ती दुपार आठवते. नव्या ठाणेदारांचं नाव फळ्यावर रंगवायला मला बोलावलं होतं. वर जुन्या ठाणेदारांची नावं होती. ठाणेदारांच्या खोलीत मी एकटाच. मागून पिकल्या मिशांचे, खाकीतले एक साहेब आले नि म्हणाले, "पेंटर, वरून तिसरं नाव माझं. पुसट होऊन राहिलं. गिरवून दे."

मी गिरवलं. वळून पाहिलं, तर कोणी नव्हतं.

शिपाई आला नि ते ओलं नाव पाहून थबकला. "हे कोणी सांगतलं, भाऊ? हे साहेब तर याच खुर्चीत वारले."

तेव्हा मी ब्रश टाकून पळालो. आता माझ्याही मिशा पिकल्या, अन् वाटतं, थांबून विचारायला हवं होतं, "साहेब, अक्षर बरोबर आलं ना?"