स्क्रू-ड्रायव्हर कानाला असताना

आमच्या ह्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. कॉलेजची पायरी न चढलेला माणूस. पण लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की दुखणं सापडलंच. आवाज बेल्टचा आहे की बेल्ट ज्या चाकांवरून फिरतो त्यातल्या एखाद्या पुलीच्या बेअरिंगचा, हे ते तीस वर्षं असंच सांगत आलेत. त्यासाठी गॅरेजात एक नियम आहे: स्क्रू-ड्रायव्हर कानाला असताना कोणी तोंड उघडायचं नाही. रेडिओ बंद, हातोडी बंद. एकदा शिंक दाबता दाबता एका गिऱ्हाइकाचा जीव अर्धा झाला होता. मीही गॅरेजात बसते, फोन घेते, सामान मागवते आणि नियम पाळते. एरवी माझी जीभ कशी चालते ते ह्यांनाच विचारा.

गेल्या वर्षापासून माझ्या मनात एक भीती होती. किटलीची शिट्टी घर डोक्यावर घ्यायची आणि हे तिच्या शेजारी बसून पेपर वाचायचे. आधी मी चिडायचे. नवऱ्यांना हवं तेवढंच ऐकू येतं, त्यात नवं काय? मग नातीला ताप आला, तेव्हा तिच्या काखेत थर्मामीटर धरून हे बसूनच राहिले. तो कधीचा वाजून गेला होता. बारीक, चिरका आवाज ह्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. पण ज्याचं सगळं कानावर चालतं, त्याला हे सांगायचं कसं? मी गप्प बसले.

परवा सकाळी लेक गॅरेजात आली. चार दिवस आमच्याकडे राहून ती तिच्या घरी परत निघाली होती, घाट ओलांडून, मागच्या सीटवर दोन वर्षांच्या नातीला घेऊन.

"बाबा, गाडी कुंईकुंई करतेय. निघण्याआधी बघता का?"

ह्यांनी बॉनेट उघडलं. मी माझ्या टेबलापाशी, दहा पावलांवर होते, तरी तो आवाज माझ्या दातांत शिरत होता. स्क्रू-ड्रायव्हर एका पुलीवर लागला, दुसरीवर, तिसरीवर. मग ह्यांनी बेल्टवर पाणी शिंपडलं आणि मूठ पुन्हा कानाला लावून डोळे मिटले. पाण्याने आवाज क्षणभर दबला तर दोष बेल्टचा, नाहीतर पुलीचा. आवाज दबला नाही. ते मला बसल्या जागी कळलं.

ह्यांनी डोळे उघडले. "काही नाही गं. जुन्या झाल्या की कुरकुरतात, तुझ्या आईसारख्या. नीघ."

लेक हसली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मूठ अजून ह्यांच्या कानालाच होती आणि दोन कामगार बघत होते. चारचौघांत मी नवऱ्याची लाज राखली. नात खिडकीतून हात हलवत गेली.

त्यानंतर मला घास गिळवेना. बेअरिंग अडकलं की बेल्ट तुटतो, स्टिअरिंग जड होतं, पाण्याचा पंप थांबतो, इंजिन तापतं. हे सगळं ह्यांनीच मला शिकवलंय. मला डोळ्यांसमोर एकेक वळण दिसायला लागलं. तासाभराने मी उठले.

"अहो, सकाळी गाडी ओरडत होती. तुम्हाला ऐकू आलं नाही."

मला वाटलं, आता हे भडकतील. पण त्यांनी इतकंच विचारलं, "किती मोठ्याने?"

"रस्त्यापर्यंत."

"पाणी टाकल्यावर?"

"तशीच."

ह्यांनी हातातला पाना टाकला. "फोन लाव."

मी लावला आणि स्पीकरवर टाकला. लेकीने लगेच उचलला. "आई, स्पीकरवर आहेस, बोल. चढाला लागलेय."

"तो आवाज येतोय का अजून?"

"तो मघाशीच बंद झाला. बाबा म्हणाले तसंच, काही नव्हतं. फक्त बॅटरीचा लाल दिवा लागलाय, आणि स्टिअरिंग जरा जड..."

"बेल्ट गेलाय!" हे फोनवर ओरडले. "थांबव गाडी! आत्ता थांबव!"

"बाबा, पुढे वळण आहे, वळत नाहीये..."

"दोन्ही हातांनी ओढ! डोंगराच्या बाजूला घे!"

पलीकडे काहीतरी घासलं. मग हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"थांबले," लेक म्हणाली. तिला धाप लागली होती. "डोंगराला घासली, पण थांबले."

ह्यांनी माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावतात तसा कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटले. कामगारांनी हातोड्या खाली ठेवल्या. कोणी हूं की चूं केलं नाही.

मग हे माझ्याकडे वळले.

"छोटीचा आवाज का येत नाही गं?"

फोनमधून नातीची बारीक, चिरकी किंकाळी अख्ख्या गॅरेजात घुमत होती.

ह्या वेळी मी नियम मोडला. "रडतेय ती," मी म्हटलं. "अहो, केव्हाची रडतेय."