बोलण्याची चेष्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. सांगू सांगू म्हणत वर्षं गेली — आता थकले बाई, आणखी किती वाहायचं?

मी झाशीची. वडील रेल्वेत, म्हणून घर स्टेशनाजवळच्या नगरा वस्तीत. पुढे इलाइट चौराह्याजवळ माझं समुपदेशनाचं छोटंसं क्लिनिक. आमची मराठी कशी, तर अर्धी हिंदी. पुण्याच्या मावश्या आल्या की हसायच्या. मला त्याचं काही वाटत नसे — उलट ऐटच होती, दोन्ही भाषा येतात म्हणून.

श्रीधर सांगलीहून बदली होऊन आले होते, रेल्वेतच कारकून. चाळिशीचे, ऑटिस्टिक, आणि नैराश्यानं पार खचलेले. मी मराठी बोलते म्हणून माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, तोंडी सांगू नका. लिहून द्या. लिहिलेलं मी तंतोतंत करतो." मी खूश! अशा माणसांसाठी उपचार थोडे बदलून घ्यावे लागतात, सूचना नेमकी आणि लेखी हवी — हे मला ठाऊक होतं ना. ऑफिसात त्यांना एकच सोबत होती, कामताजींची. ते बोलताना अडखळायचे, हे अबोल. दोघं शेजारी बसून गप्प डबा खायचे. इथूनच सुरुवात करू, असं मला वाटलं. मी कागदावर लिहिलं — "रोज डबा खाताना बोलण्याची चेष्टा करा."

पुढच्या आठवड्यात त्या कागदावर सहा दिवसांपुढे सहा खुणा. "केली," म्हणाले. "ते अडखळले की मीही तसंच अडखळून दाखवलं. मला वाईट वाटत होतं, पण उपचार आहे म्हणून केली. आता कामताजी दुसरीकडे बसतात."

अरे देवा! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी लिहिलं ते हिंदी, त्यांनी वाचलं ते मराठी. मला तिथल्या तिथे कळलं — हो, त्याच क्षणी. चुका काय, होतात. त्यासाठी नाही मी हे सांगत बसले. सांगायचंय ते पुढचं. एक वाक्य पुरलं असतं: चूक माझी आहे, मी स्वतः कामताजींना भेटून सांगते. त्यांचं ऑफिस असं किती लांब होतं? पण मला मराठी धड येत नाही, हे त्यांच्यापुढे म्हणायचं? — जीभ रेटेना. मी कपाळाला आठ्या घातल्या. विचारलं, "असं वागतं का कुणी, श्रीधरजी?" आणि फाइलीत लिहिलं — सूचना समजत नाहीत.

ते आणखी एकदाच आले. दुपारचं जेवणच सोडलंय म्हणाले.

"लिहिलेलं मला कळतं, एवढंच माझ्याजवळ होतं," ते म्हणाले. "तेही नाही. तुमचा वेळ गेला. माफ करा, मॅडम."

"असू दे," मी म्हणाले.